हिस्लॉपमधले लॉसन सर

चिनू: काका, मार्टिन ल्यूथर किंग नागपुरात हिस्लॉप कॉलेजला शिकवायला होते का? आमच्या बॅचच्या ग्रुपवर फिरून राहिलंय.

मोठे काका: किंग नाही रे बापा. जेम्स लॉसन, अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांच्या लढ्यातले किंगचे सहकारी. ते होते हिस्लॉपला, 1953 ते 1956. मेथडिस्ट चर्चकडून आले होते. मुलांना शिकवायचे, मैदानावर खेळाचा सराव घ्यायचे. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती, हे आता तुम्हा पोरांना सांगावं लागतं.
डिसेंबर 1955 मध्ये त्यांनी ‘नागपूर टाइम्स’मध्ये बातमी वाचली. अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला आहे आणि त्यांचं नेतृत्व किंग नावाचा तरुण पाद्री करतो आहे. लॉसन आनंदाने ओरडत टाळ्या वाजवायला लागले. ज्या गोष्टीची ते कित्येक वर्षं तयारी करत होते, ती तिकडे घरी सुरू झाली होती.

आत्या (पुणे): म्हणजे गांधीजींची अहिंसा शिकले नागपुरात आणि नेली अमेरिकेत! आपल्यासाठी केवढी अभिमानाची गोष्ट दादा.

मोठे काका: अभिमान आहेच, पण सगळं श्रेय आपल्याकडे ओढू नको. इथे यायच्या आधीच ते तुरुंगात जाऊन आले होते. कोरियात युद्ध चालू होतं, त्यांनी सैन्यभरतीला नकार दिला. पाद्री होणार म्हणून सूट मागता आली असती, तीही मागितली नाही. तीन वर्षांची शिक्षा झाली, त्यातली वर्षभराहून थोडी अधिक भोगली. आणि लहानपणी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका गोऱ्या पोराने शिवी दिली म्हणून त्याच्या थोबाडीत मारून घरी आले, तर आईने स्वयंपाक करता करता एवढंच विचारलं, "जिमी, त्याने काय साधलं?" हा प्रश्न आयुष्यभर त्यांच्या सोबत राहिला. गांधीविचार त्यांनी इथे जवळून अभ्यासला, गांधीजींसोबत काम केलेल्या लोकांना भेटले. पण मूळ घरातलंच.

चिनू: पण काका, मार खाऊन गप्प बसायचं यात कसलं शौर्य? मला हे कधीच पटलं नाही.

ताई (नॅशव्हिल): चिनू, हे मी सांगते, कारण सगळं माझ्या गावात घडलंय. फेब्रुवारी 1957 मध्ये ओहायोतच ओबर्लिन कॉलेजात लॉसन आणि किंग भेटले. दोघं साधारण एकाच वयाचे, लॉसन चार महिन्यांनी मोठे. शिक्षण संपवून मग दक्षिणेत जाईन, असं लॉसन म्हणाले. किंगनी सांगितलं, थांबू नका, आत्ताच या. 1958 मध्ये ते इथे नॅशव्हिलला, दक्षिणेतल्या टेनेसी राज्यात आले.
इथे दुकानांत काळ्या माणसाला कपडे घेता यायचे, भांडी घेता यायची. पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसून सँडविच खाता यायचं नाही. लहान मुलांना घेऊन बाजारात आलेल्या बायांना कुठे टेकायची सोय नव्हती. चर्चमधल्या बायकांनीच हे दुखणं लॉसनना सांगितलं आणि काउंटरपासून सुरुवात करायचं ठरलं.

आत्या (पुणे): बायकांनी सांगितलं, हे कुठल्या भाषणात येत नाही बघ.

ताई (नॅशव्हिल): हो ना. मग क्लार्क मेमोरियल चर्चच्या तळघरात लॉसननी वर्ग सुरू केले. कॉलेजची पोरं यायची. डायन नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेत, जेम्स बेव्हेल. चिनू, तुझ्याच वयाचे सगळे. अर्धे जण गुंड व्हायचे, अर्धे काउंटरवर बसायचे. गुंडांनी शिव्या द्यायच्या, केस ओढायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली पाडायचं. बसलेल्यांनी डोकं कसं वाचवायचं, शेजाऱ्याला आपल्या अंगाने कसं झाकायचं, हे शिकायचं. महिनोन्‌महिने. ज्याला हे झेपणार नाही त्याने काउंटरवर बसायचं नाही, दुसरं काम करायचं. याला तू गप्प बसणं म्हणशील का?

चिनू: एवढी तालीम करायचे हे नव्हतं माहीत ताई.

मोठे काका: मला त्यांच्यात सगळ्यात मोठं वाटतं ते हेच. लोक म्हणतात अहिंसा म्हणजे स्वभाव, संतांना जमतं, आपल्याला नाही. लॉसन म्हणायचे, ती शिकता येते आणि शिकवावी लागते. ते हाडाचे मास्तर होते. फोटोत किंग दिसतात, आणि दिसायलाच पाहिजेत, पण कामाला लागलेली ती पोरं तळघरात तयार झाली.

ताई (नॅशव्हिल): 13 फेब्रुवारी 1960 ला शंभराहून जास्त पोरं चांगले कपडे घालून तीन दुकानांत जाऊन बसली. सोबत अभ्यासाची पुस्तकं. नियम लिहून दिलेले होते: उलट मारायचं नाही, शिवी द्यायची नाही, ताठ बसायचं, तोंड काउंटरकडे, दुकानाची वाट अडवायची नाही. 27 तारखेला गोऱ्या टोळक्यांनी मारहाण केली आणि पोलिसांनी अटक केली ती मार खाणाऱ्यांना, 81 जणांना. एक तुकडी नेली की दुसरी येऊन त्याच जागी बसायची. कोर्टाने पन्नास डॉलर दंड केला, पोरांनी दंड भरण्याऐवजी तुरुंग पसंत केला.

काकू: आणि त्या मास्तरांचं काय झालं?

ताई (नॅशव्हिल): काकू, ते व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकत होते. मार्चमध्ये विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं. त्याच्या निषेधार्थ तिथल्या अनेक प्राध्यापकांनी राजीनामे दिले. 2006 मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना शिकवायला बोलावलं आणि ते गेले.

काकू: गेले? मी नसते गेले.

मोठे काका: एक प्रसंग ऐका. त्याच दिवसांत रस्त्यावर एक लेदर जॅकेटवाला गोरा पोरगा त्यांच्या तोंडावर थुंकला. लॉसननी त्यालाच विचारलं, रुमाल आहे का? त्या पोराने गोंधळून रुमाल काढून दिला. यांनी तोंड पुसलं, रुमाल परत केला आणि विचारलं, मोटरसायकल आहे का तुझ्याकडे? मग दोघं गाडीवर बोलत उभे राहिले. चिनू, हे गप्प बसणं नाही. समोरच्याच्या हातून भांडणाचा दोर काढून घेतला त्यांनी.

चिनू: भारी आहे हे. पण काका, ती काउंटरं शेवटी काळ्यांसाठी खुली झाली ती याच्यामुळे का? मला वाटतं पैशामुळे.

मोठे काका: बरोबर पकडलंस. ईस्टरच्या खरेदीच्या दिवसांत काळ्या वस्तीने त्या बाजारात पाऊल टाकलं नाही, आणि भांडणाला घाबरून बरेच गोरेही फिरकले नाहीत. दुकानदार टेकीस आले. लॉसनना हे पूर्ण ठाऊक होतं. त्यांची अहिंसा भाबडी नव्हती.

ताई (नॅशव्हिल): 19 एप्रिलला पहाटे पोरांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला. नवरा-बायको वाचले. त्याच दिवशी हजारो लोक एक शब्द न बोलता महापालिकेवर चालत गेले. पायऱ्यांवर डायन नॅशने महापौर बेन वेस्ट यांना सरळ विचारलं, निव्वळ रंगावरून भेद करणं तुम्हाला चुकीचं वाटतं का? सगळ्यांसमोर त्यांना हो म्हणावं लागलं. 10 मे पासून सहा दुकानांची काउंटरं खुली झाली. इथल्या सार्वजनिक वाचनालयात त्या लढ्याचं दालन आहे, तसंच काउंटर केलंय, त्यावर ते नियम छापलेत. फोटो टाकते उद्या.

आत्या (पुणे): दादा, लॉसन 1956 मध्ये अमेरिकेला परतले, त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. भेट झाली होती का त्यांची?

मोठे काका: तसं कुठे वाचनात नाही. पण बाबासाहेबांचं अमेरिकेतल्या या लढ्याकडे लक्ष होतं. 1946 मध्ये त्यांनी तिथले काळे विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं होतं. तिथले काळे लोक संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करताहेत, त्याच्या प्रती मागितल्या. ड्यू बॉईस यांचं उत्तरही आलं. तेव्हा आपल्याकडून तिकडे फक्त गांधीजींचंच नाव गेलं असं समजू नका.

काकू: पुढे काय केलं लॉसननी?

मोठे काका: 1968. टेनेसीतल्याच मेम्फिस शहरात कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून दोन सफाई कामगार गेले. 1300 कामगार संपावर गेले, गळ्यात पाट्या: ‘मी माणूस आहे.’ लॉसन तिथे पाद्री होते, संपाच्या समितीचे अध्यक्ष झाले. किंगना त्यांनीच बोलावलं. 28 मार्चच्या मोर्चात काचा फुटल्या, पोलिसांच्या गोळीने 16 वर्षांचा एक मुलगा गेला. लॉसननी मोर्चा मागे फिरवला. पुन्हा शांततेत मोर्चा काढायचा म्हणून किंग परत मेम्फिसला आले आणि 4 एप्रिलला त्यांचा खून झाला. संप कामगार जिंकले, 16 एप्रिलला.

चिनू: मग त्या मोर्चात तालीम का कमी पडली?

मोठे काका: माझ्या मते तळघरात शंभर पोरं महिनोन्‌महिने तयार करता येतात, रस्त्यावर एका सकाळी आलेले हजारो नाही. नॅशव्हिलला वेळ मिळाला होता, मेम्फिसला नाही मिळाला. लॉसन मात्र शिकवत राहिले. लॉस एंजेलिसला गेल्यावर हॉटेलातल्या कामगारांना, सफाईवाल्यांना तेच धडे. जून 2024 मध्ये गेले, 95 वर्षांचे होऊन.
चिनू, तुमच्या बॅचच्या ग्रुपवर लगेच दुरुस्ती टाक. नाव नीट लिही, जेम्स लॉसन. आणि हिस्लॉपच्या लायब्ररीत त्या वर्षांची वार्षिकं आहेत का, विचारून पाहतोस का?

चिनू: सोमवारी जातो काका.