मदत हवी आहे: कासवांच्या टाकीत हात घातला की झिणझिण्या येतात, हीटर ठेवावा की काढावा?

अनगोळ_गल्ली
नमस्कार. घरी काचेची टाकी आहे, ९० बाय ३० सेंमी, पाणी ३० सेंमीपर्यंत. लाल कानाची दोन कासवं आहेत. मोठ्याचं कवच ११ सेंमी, धाकट्याचं ५. सामान असं: १०० वॅटचा काचेचा हीटर, सक्शन कपने चिकटवलेला. पाण्यात बुडणारा फिल्टर. टाकीच्या कडेला चिमट्याने अडकवलेला ६० वॅटचा बल्ब. तळाला बारीक रंगीत खडी. सगळ्या वायरी टेबलाखालच्या एका एक्स्टेंशन बोर्डात जातात.

मोठं कासव हीटरला धडका देऊन तो पाडतं, मग तो खडीवर आडवा पडलेला असतो. धाकटं फिल्टरच्या मागे जाऊन बसतं. कालपासून पाण्यात हात घातला की बोटांना झिणझिण्या येतायत. रात्री थंडी लई आहे, म्हणून हीटर बंद करायला धीर होत नाही. घरचे म्हणतात, मार्कंडेय नदीत सोडून या. काय करू?

खानापूर_वायरमन
ताई, पुढचं वाचायच्या आधी उठा आणि प्लग उपसा. नुसतं बटण बंद करू नका. जुन्या घरात कधीकधी बटण न्यूट्रलवर (करंट परत जायच्या वायरवर) असतं, मग ते बंद करूनही फेज (करंट आणणारी वायर) हीटरपर्यंत पोचलेला असतो. सगळे प्लग निघाल्याशिवाय पाण्यात हात नाही, कासव उचलायलाही नाही.

झिणझिण्या म्हणजे करंट पाण्यात उतरलाय. बहुतेक हीटरच्या टोपीतून नाहीतर काचेच्या तड्यातून. एमसीबी, म्हणजे मीटरपाशी आपोआप पडणारं बटण, पडला नाही म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. एमसीबी जास्त लोडला आणि शॉर्टला पडतो, माणसाला बसणाऱ्या करंटला नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच. टाकीच्या लाईनला तो वेगळा बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून बघा.

यात एक मेख आहे. टाकी काचेची, टेबल लाकडाचं आणि हीटर दोन पिनांचा असला की करंटला जमिनीत जायला वाटच नसते. मग आरसीसीबी असूनही तुमचा हात पाण्यात जाईपर्यंत तो पडत नाही. त्यासाठी स्टेनलेस स्टीलची एक सळी पाण्यात सोडून ती घराच्या अर्थिंगला जोडतात. गळती सुरू होताच आरसीसीबी पडतो, तुमचा हात मध्ये येत नाही. आरसीसीबी नसताना मात्र नुसती सळी लावू नका. इन्व्हर्टर असेल तर त्याचा न्यूट्रल आरसीसीबीच्या पुढे मेन न्यूट्रलमध्ये मिसळलेला नको, नाहीतर तो विनाकारण पडत राहील. आणि हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

पाणकासव_निपाणी
वायरमन अण्णांनी सांगितलं ते आधी करा. थंडीचं म्हणाल तर कासवं दोन-तीन दिवस हीटरशिवाय निभावतात. प्लास्टिकच्या टबात कवचावर दोन बोटं येईल इतकं पाणी आणि चढून बसायला एक सपाट दगड ठेवा. टब आतल्या बंद खोलीत असू द्या. पाणी २० अंशांच्या खाली गेलं तर तेवढे दिवस खाणं देऊ नका, गारठ्यात त्यांना पचत नाही. उकळतं पाणी ओतून टब एकदम गरम करू नका.

आता मूळ दुखणं. हे सगळं सामान माशांसाठी बनवलेलं असतं. मासा हीटरला अंग घासून निघून जातो. कासव ढकलतं, चावतं, वर चढतं, फटीत घुसतं. आणि कासवाला फुफ्फुसं असतात. पाण्याखाली अडकलं की ते माशासारखं तग धरत नाही, बुडून मरतं. म्हणून हीटरइतकीच मला तुमच्या फिल्टरमागच्या फटीची काळजी वाटते. काच आणि फिल्टर यांच्यात दोन-अडीच सेंमी जागा असेल ना? धाकट्याच्या कवचाची जाडी साधारण तेवढीच. ते आडवं होऊन घुसतं आणि मागे फिरायला जागा नसते. फट एकतर छोट्या कासवाच्या जाडीपेक्षा बरीच कमी असावी, नाहीतर मोठ्याच्या लांबीपेक्षा जास्त. मधलं माप घातक. हाच नियम दगडाला, नकली ओंडक्याला आणि तरंगत्या फळीच्या खालच्या जागेलाही. सक्शन कपवरची फळी मोठं कासव चढलं की निसटते आणि खाली धाकटं असेल तर दाबलं जातं. फळीऐवजी सपाट दगड एकावर एक सिलिकॉनने घट्ट चिकटवा आणि २४ ते ४८ तास सुकू द्या. सिलिकॉन बुरशीनाशक नसलेलं घ्या.

फिल्टरच्या तोंडाला स्पंजची टोपी लावा. ओढ जोराची असते, पिलाचा पाय किंवा मान जाळीला चिकटून राहते. धाकट्यासाठी हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर सगळ्यात बरा, पाण्यात वीजच नाही. स्पंजचे लचके तोडताना दिसलं तर वरून जाळी घाला, पोटात गेला तर अडकतो. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा नाहीतर नळीत चेक व्हॉल्व्ह बसवा. लाईट गेली की पाणी नळीतून उलटं पंपात येतं.

खडी आजच काढा. खाण्याबरोबर ती गिळली जाते आणि आतडं तुंबतं. तळ मोकळा ठेवा, किंवा मोठ्याच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे घाला.

आणि दोघांना वेगळं करा. ११ सेंमीचं कासव ५ सेंमीच्याचे पाय आणि शेपटी चावतं, अडकलेल्याला तर सोडतच नाही.

अनगोळ_गल्ली
सगळे प्लग काढले, कासवं टबात आहेत. हीटर बाहेर काढला तर टोपीच्या आत पाण्याचे थेंब दिसतायत. उन्हात वाळवून चालेल का? आणि नवीन घेतला तर तो फुटू नये म्हणून काय करायचं?

खानापूर_वायरमन
वाळवू नका. आत गेलेलं पाणी पुन्हा जाणारच. वायर कापून टाका, म्हणजे दुसरं कोणी उचलून लावणार नाही.

पाणकासव_निपाणी
तुमच्या टाकीत साधारण ८० लिटर पाणी आहे. त्याला १०० वॅट पुरतात. मात्र ५० वॅटचे दोन घेतलेले बरे. एकाचा थर्मोस्टॅट चालूच राहून अडकला तर तेवढ्याने पाणी उकडत नाही, आणि एक बंद पडला तर दुसरा रात्र काढतो. काचेऐवजी प्लास्टिक आवरणाचे मिळाले तर उत्तम. मोठ्याच्या टाकीत पाणी २४ ते २५ अंश आणि धाकट्याच्या २६ ते २७ अंश ठेवा. काचेचा थर्मामीटर आत टाकू नका, तोही फुटतो. वायरवाला डिजिटल घ्या.

काचेचाच घेतला तर त्याला पिंजरा हवा. ५० मिमीचा पीव्हीसी पाइप हीटरपेक्षा चार बोटं लांब कापा. त्याला चहूबाजूंनी ६ ते ८ मिमीची भोकं पाडा, दोन-दोन सेंमीवर. त्याहून मोठं भोक नको, धाकट्याचं तोंड जाईल. भोकांच्या कडा पॉलिश पेपरने घासा. हीटर पाइपला टेकला तर पीव्हीसी मऊ पडतं, म्हणून हवेच्या नळीचे तुकडे कापून हीटरला कड्यांसारखे चढवा, तो मधोमध राहील. टोकांना भोकं पाडलेल्या टोप्या लावा. पिंजरा तळाशी आडवा बांधा, म्हणजे पाणी कमी झालं तरी हीटर उघडा पडत नाही. हीटर आडवा चालतो ना, हे खोक्यावर बघूनच घ्या.

हीटर फुटण्याचं नेहमीचं कारण पाणी बदलणं. तापलेली काच हवेत येते आणि वरून गार पाणी पडतं. म्हणून प्लग काढून २० मिनिटं थांबा, मगच पाणी काढा. भरल्यावर आणखी १५ मिनिटांनी लावा. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर हीटरवर पांढरा थर बसतो, त्याने काच जागोजागी जास्त तापते. महिन्याने व्हिनेगरमध्ये बुडवून काढत जा.

बल्बचा चिमटा सरकला की बल्ब पाण्यात. त्याला भिंतीच्या हुकापासून साखळी लावा, चिमटा सुटला तरी पाण्याच्या वर लटकेल इतकीच लांब. होल्डर सिरॅमिकचा आणि समोर जाळी. तापलेल्या काचेवर शिंतोडे उडाले तर ती फुटते. बसायच्या दगडावर ३० ते ३२ अंश हवेत, मोजून उंची ठरवा. यूव्हीबी दिवा (उन्हातले अतिनील किरण देणारा) वेगळा लागतो आणि तो काचेच्या झाकणातून लावला तर काही उपयोग नाही, काच ते किरण अडवते.

नदीत मात्र सोडू नका. ही जात उत्तर अमेरिकेतली आहे. ती मार्कंडेयमध्ये रुजली तर इथल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावते. खरंच ठेवणं जमत नसेल तर सांभाळू शकणारं घर शोधा.

अनगोळ_गल्ली
लई उपकार झाले. एक राहिलं. धाकटं कधी पाण्याखाली अडकून निपचित सापडलं तर?

पाणकासव_निपाणी
आधी प्लग, मग कासव. तोंड खाली करून धरा, मान हलकेच पुढे ताणा, पाणी गळू द्या. पुढचे दोन्ही पाय हळूहळू आत-बाहेर करत राहा, त्याने फुफ्फुसं दाबली जातात. पाठीवर उलटं टाकू नका, पाण्यात परत ठेवू नका. थंड आणि हालचाल नसलेलं कासव मेलंच असं नसतं. कोरड्या फडक्यात गुंडाळून थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. शुद्धीवर आलं तरी न्या, पाणी गेलेल्या फुफ्फुसांना पुढे न्यूमोनिया होतो.

खानापूर_वायरमन
बोर्ड टेबलाखालून काढा, ताई. भिंतीवर टाकीच्या पातळीच्या वर लावा. प्रत्येक वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी खाली झोळासारखी सैल सोडा. वायरीवरून ओघळणारं पाणी त्या झोळातून जमिनीवर पडतं, बोर्डात शिरत नाही.