स्टार कारची शिंगं: नाचासाठी की शिकारीसाठी?

गारगोटी: मुखवटानृत्याचा उगम म्हटलं की लोक इजिप्तपाशी थांबतात. त्याच्याही खूप मागे जाता येतं. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या स्टार कारला सुमारे ११,००० वर्षांपूर्वी तळ्याकाठी वस्ती होती. तिथे पुरातत्त्वज्ञ ग्रॅहम क्लार्क यांना १९४९ ते १९५१ मध्ये रेड डिअरच्या (आपल्या हंगुलचा नातलग) कवट्यांची २१ शिरोभूषणं सापडली. आता ३३ झालीत. कपाळाचं हाड शिंगांच्या बुडख्यांसकट ठेवलेलं, आतली बाजू घासलेली, वादी ओवायला भोकं. विधिनृत्याचा याहून जुना भक्कम पुरावा मला दिसत नाही.

पाणथळ: डोक्याला बांधत असावेत, मान्य. पण नाच कुठून आला? क्लार्क यांनीच दोन शक्यता मांडल्या होत्या: नाच, नाहीतर हरणाजवळ सरकण्यासाठी घेतलेलं सोंग. शिवाय चेहरा उघडाच राहतो, मग मुखवटा कसला?

गारगोटी: शिकारीचं सोंग असेल तर शिंगं छाटली कशाला? फाटे तोडलेत, उरलेलं शिंग कोरून हलकं केलंय. मान हलवत तासन्‌तास वावरायचं असेल तरच एवढा खटाटोप. शिंगं आणि ढोल घेतलेल्या एवेंकी (सायबेरियातली जमात) शमनचं, म्हणजे त्यांच्या मांत्रिकाचं, १६९२ सालचं चित्र आहेच.

हाडपारखी: छाटणीचं कारण साधंही असू शकतं. याच जागी शिंगाची दातेरी भालाटोकं ढिगानं मिळालीत. शिंगात दोन समांतर खाचा पाडायच्या आणि मधली पट्टी उचकटायची, ही त्यांची रीत. चांगला माल काढून घेतल्यावर उरलेलं शिंग हलकंच असणार. घडवणंही फार लांबवलेलं नाही. २०१६ च्या प्रायोगिक अभ्यासानुसार कवटी ओल्या मातीनं लिंपून सुमारे चार तास निखाऱ्यांत ठेवली की कातडं-मांस सुटतं. लिंपण हवंच, उघडं हाड करपून ठिसूळ होतं.

पाणथळ: आणि १६९२ चं चित्र १०,००० वर्षं मागे कसं लावता? इंग्लंडातल्याच ॲबट्स ब्रॉम्ली गावचं शिंगनृत्य घ्या. ती शिंगं रेनडिअरची, कार्बन कालमापनानं अकराव्या शतकातली. डोक्यावर बांधतही नाहीत. लाकडी मुंडक्याला बसवून दांड्यानं हातात धरतात. नाचायला शिंगं डोक्यावरच लागतात असं नाही.

गारगोटी: मग वापरण्याजोगी शिरोभूषणं तळ्याकाठच्या चिखलात का सोडली? शिकारीचं अवजार कुणी असं टाकत नाही.

हाडपारखी: विसर्जन विधीचं असू शकतं, त्यावरून नाच ठरत नाही. भोकांच्या कडांना वादीनं पडलेली झीज शोधा, ती कोणत्या बाजूला जास्त आहे ते बघा. अडचण एवढीच, की पाण्याच्या निचऱ्यामुळे तिथला पीटचा (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा) थर आम्लधर्मी होत गेलाय आणि बरीच हाडं मऊ पडलीत.