'गॅग'ला मराठीत काय म्हणायचं? मुसकी, बोळा, लगाम

राजारामपुरीतून
प्रौढ जोडप्यांसाठी एक माहितीपत्रक मराठीत लिहितेय. विषय बीडीएसएम, म्हणजे दोघांच्या राजीखुशीनं बांधण्याचे, बांधून घेण्याचे, हुकूम देण्या-पाळण्याचे खेळ. तोंड बंद ठेवायच्या साधनावर आले आणि गाडी अडली. 'गॅग' तसाच ठेवला तर बऱ्याच जणांना कळणार नाही. 'मुखबंधन' फार पुस्तकी वाटतं. 'मुस्कटदाबी' चालेल का? आपल्याकडं रोजच्या बोलण्यात काय बसेल?

शाहूपुरीतून
'मुस्कटदाबी' नको, ताई. त्यात जबरदस्ती आधीपासूनच बसलेली आहे. सरकार पेपरवाल्यांची करतं, सासरचे सुनेची करतात. राजीखुशीच्या गोष्टीला तो शब्द लावला की वाचणाऱ्याच्या मनात अत्याचारच येणार. 'मुसक्या'ही टाळा. 'पोलिसांनी मुसक्या आवळल्या' हे आपण रोज वाचतो, पण मुसक्या बांधणं म्हणजे दोन्ही हात पाठीमागं बांधणं. तोंडाशी त्याचा संबंध नाही.

माझं म्हणणं, एकच शब्द शोधू नका. मी ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते. आमच्याकडं माउथ गॅग म्हणजे तोंड उघडं ठेवायचं हत्यार. टॉन्सिलच्या ऑपरेशनला बॉयल-डेव्हिस गॅग लावतात, जबडा उघडा राहतो आणि जीभ खाली दाबली जाते. पण त्या वेळी श्वासनळीत नळी असते, सक्शन, म्हणजे तोंडातली लाळ-उलटी ओढून काढायचं यंत्र, हाताशी असतं, भूलतज्ज्ञ उशाशी असतात. इंग्रजीत तोंड उघडणाऱ्यालाही गॅग आणि बंद करणाऱ्यालाही गॅग. मराठीत वस्तू तोंडावर आहे, तोंडात आहे की दातांत आडवी आहे, यावर शब्द बदलतो. धोकाही नेमका तसाच बदलतो. म्हणून हे शब्द वेगळेच राहू द्या.

बोळा: तोंडात कोंबलेलं फडकं, मोजा, रुमाल. सिनेमात सगळ्यात जास्त हाच दिसतो आणि सगळ्यात वाईट हाच. लाळेनं भिजला की त्यातून हवा जात नाही, जिभेच्या हालचालीनं तो मागं पडजिभेकडं सरकतो, उबळ येते. वरून चिकटपट्टी लावली असेल तर थुंकूनही टाकता येत नाही. पत्रकात 'सुटा बोळा वापरू नका' एवढं स्पष्ट लिहा.

चेंडू: पट्ट्यात ओवलेला, दातांच्या मागं बसणारा. बाजारात साधारण ३८ ते ५० मिलिमीटरचे मिळतात. सुरुवात लहानापासून करावी, पण इतका लहान नको की पूर्ण आत जाईल. आरपार भोकं असलेला असेल तर थोडी हवा तोंडातूनही येते. जबडा सतत उघडा राहिल्यानं कानापुढचा सांधा दुखतो, म्हणून पहिल्यांदा पाच मिनिटंही पुष्कळ झाली. जबड्याचं जुनं दुखणं, हलणारा दात, कवळी, दातांच्या तारा असतील तर चेंडू नकोच.

लगाम: दातांत आडवी धरलेली रबराची किंवा सिलिकॉनची कांडी. जीभ बरीच मोकळी राहते, जबडा फार उघडावा लागत नाही, लाळ गिळता येते. नवख्यांसाठी मी हाच सुचवेन. धातूची कांडी घेऊ नये, दाताचा टवका उडतो.

आता नाकाबद्दल, कारण या तिन्हींत श्वास मुख्यतः नाकावर असतो. आधी तोंड मिटून एकेक नाकपुडी दाबून बघायची. सर्दी, सायनस, वाढलेलं हाड, दमा असेल तर त्या दिवशी तोंड मोकळंच. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं निम्म्या घराचं नाक चोंदलेलं असतं, हे लक्षात घेऊन लिहा.

आणि पोट. भूल द्यायच्या आधी आम्ही सहा तास जेवण बंद ठेवतो, ते उलटी फुप्फुसात जाऊ नये म्हणून. तोंड बंद असताना उलटी झाली तर धोका तोच, आणि सक्शन कुणाकडं नसतं. तांबडा-पांढरा ओरपून, वर दारू पिऊन हा खेळ अजिबात करायचा नाही. बांधणाऱ्यानंही प्यायलेलं नसावं. उताणं झोपवू नये. बसवावं किंवा कुशीवर ठेवावं, म्हणजे लाळ बाहेर पडते.

एकटं सोडायचं नाही. पाणी आणायला स्वयंपाकघरातसुद्धा जायचं नाही. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत कायमची इजा सुरू होऊ शकते.

कागलहून
मुसकीबद्दल सांगतो. आमच्यात कोळपताना बैलाला मुसकी घालतात, नाहीतर भुईमूग खात सुटतोय. सुतळीची जाळी असते. तोंडात काही जात नाही, बैल श्वास घेतो, जीभ फिरवतो. त्यामुळं चेंडूला मुसकी म्हणू नका. फक्त तोंडावरून येणारी, आत काही नसलेली पट्टी असेल तर मुसकी शोभेल. आणि बैलाला जाच झाला की तो मान झटकतो. चांगला मालक तेव्हा औत थांबवून बघतो.

राजारामपुरीतून
दादा, मुसकीचं पटलं. आता पुढची अडचण. इंग्रजीत 'सेफवर्ड' आहे, म्हणजे उच्चारला की खेळ लगेच थांबवायचा असा आधी ठरवलेला शब्द. इथं तोंडच बंद, मग शब्द कसला? 'थांबशब्द' खोडून 'थांबखूण' लिहू का?

जयसिंगपूरहून
आम्ही नवरा-बायको आहोत, घरात 'खूण' एवढंच म्हणतो. किल्ल्यांचा जुडगा हातात धरायचा, सोडला की सगळं थांबलं. गादीवर पडला तर आवाज होत नाही, म्हणून हात कडेला, खाली फरशी. जुडग्याला एक घुंगरूही लावलंय. दुसरी खूण म्हणजे तीनदा हुंकार. हात बांधलेले असले तरी मूठ उघडता आली पाहिजे, आधी करून बघायची. आणि मी मधेमधे तिचं बोट दोनदा दाबतो, तिनं दोनदा दाबायचं. उत्तर आलं नाही तर पट्टा काढायचा, कारण नंतर विचारायचं.

शाहूपुरीतून
जयसिंगपूरच्या भावांनी लिहिलंय ते जसंच्या तसं पत्रकात घ्या. जुडग्याची मोठी खुबी अशी की माणसाची शुद्ध हरपली तर मूठ बहुतेक वेळा आपोआप सैल पडते आणि जुडगा पडतो. हुंकाराला शुद्धीवर असावं लागतं. म्हणून हुंकार एकटा पुरेसा नाही. 'थांबखूण' छान आहे, ठेवा.

संमतीबद्दलही एक वाक्य हवं. २०१३ च्या दुरुस्तीनं बलात्काराच्या कलमात संमतीची व्याख्या आली, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ती कायम आहे. तिच्यात शब्दांबरोबर हावभावही आहेत, आणि स्त्रीनं अंगानं प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही, हेही तिथं स्पष्ट आहे. या खेळात त्याचा अर्थ मला फार महत्त्वाचा वाटतो: काय करायचं ते तोंड मोकळं असताना ठरवायचं. तोंड बंद झाल्यावर नवीन काही सुचलं तर आधी पट्टा काढायचा, मग विचारायचं. 'नको' म्हणायची सोयच काढून घेतलेल्या माणसाचं गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे.

राजारामपुरीतून
हा परिच्छेद असा केलाय, बघाल का?
'पट्टा डोक्यामागं घट्ट गाठ मारून बांधावा. थांबखूण मिळताच तो सोडावा. शुद्ध हरपल्यास सीपीआर द्यावा.'

शाहूपुरीतून
तीन दुरुस्त्या.

'गाठ' काढा, 'बक्कल' लिहा. ओली गाठ घाईत सुटत नाही. बक्कल एका हातानं उघडता आलं पाहिजे, कुलूप तर नकोच. पट्टा गळ्यावरून नाही, डोक्यामागून जावा, आणि खाली एक बोट सहज सरकावं. शेजारी बोथट टोकाची कात्री ठेवावी, बँडेज कापायची असते ती. चामडी पट्टा मापाचा हवा असेल तर कोल्हापुरातल्या चप्पल लाइनमध्ये जाड चामड्याला बक्कल लावून देणारे कारागीर आहेत. कमरेच्या पट्ट्यासारखंच काम आहे.

'सोडावा'च्या पुढं 'अंगावरून पूर्ण काढावा' हवं. नुसता सैल केलेला पट्टा गळ्यात घसरतो.

तिसरी दुरुस्ती खास कोल्हापूरची. डॉक्टरी भाषेत सीपीआर म्हणजे छाती दाबून जीव वाचवायचा प्रयत्न, पण इथं सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. 'सीपीआर द्यावा' वाचून माणूस रिक्षा शोधायला पळेल. असं लिहा: 'तोंडातलं सगळं काढा, १०८ ला फोन लावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध जोरात आणि भरभर दाबत राहा, मदत येईपर्यंत थांबू नका.' डॉक्टरांना काय लावलं होतं ते लाज न बाळगता सांगायचं, हेही जोडा.

आणि शेवटी धुण्याची ओळ राहिली आहे. सिलिकॉनचा चेंडू साबण-पाण्यानं धुऊन सुकवावा, चामडं फक्त ओल्या फडक्यानं पुसावं, दुसऱ्याच्या तोंडातला आपल्या तोंडात घालू नये.