अनुभव धागा: व्हिला आधी की बोट आधी? (कोमो आणि आसपासची इटालियन सरोवरं)

निवांतमंजू
मंडळी, मे महिन्यात आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे म्युनिकला येताहेत. बाबा ७४, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आई ७०, डावा गुडघा कुरकुरतो पण ती कबूल करत नाही. परतीचं विमान मिलानहून आहे, म्हणून मध्ये एक अख्खा दिवस कोमो सरोवरासाठी काढलाय. एखादा जुना व्हिला गाइडबरोबर आतून नीट बघायचा आणि उरलेला वेळ बोटीत घालवायचा, एवढाच बेत. शोधलं की "एका दिवसात पाच गावं" छापाचं काहीतरी समोर येतं, तसलं नको. तुम्ही कुठला व्हिला बघितलात, बोटीचं कसं जमवलंत, काय फसलं, ते सगळं लिहा. लांबलचक झालं तरी चालेल. फोटो नसले तरी चालतील, वेळा आणि पायऱ्या मात्र सांगा.

मिलानवासी
सात वर्षं इथे आहे. पूर्वी घरी पाहुणे आले की सिंहगड ठरलेला असायचा, आता कोमो असतं. त्यामुळे जरा अधिकारवाणीने लिहितो, चालवून घ्या.

पहिलं म्हणजे कोमो शहराकडून सुरुवात करू नका. नकाशात सरोवर इंग्रजी वाय उलटा ठेवल्यासारखं दिसतं. कोमो शहर एका पायाच्या पार टोकाला आहे आणि तुम्हाला हवे ते व्हिला दोन पाय फुटतात त्या मधल्या भागात. कोमोहून संथ बोटीने त्या मधल्या भागातल्या बेल्लाजो गावाला पोचायला सुमारे दोन तास लागतात. परत येताना पुन्हा तेवढेच. त्यापेक्षा मिलानो चेन्त्राले स्टेशनवरून वारेन्नाची गाडी धरा. तास-सव्वा तासात सरोवराकाठी. स्टेशनपासून धक्का दहा मिनिटं, जाताना उतार आहे. येताना तोच चढ असतो, हे आईंना आधी सांगू नका.

बोटी तीन जातीच्या. त्रागेत्तो म्हणजे गाड्या चढवणारी रुंद बोट, आपल्या दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीची श्रीमंत बहीण. ती वारेन्ना, बेल्लाजो, मेनाज्जो आणि कादेनाब्बिया एवढ्यातच फिरते. बातेल्लो म्हणजे संथ, उघड्या गच्चीची, गावोगाव थांबणारी. तिसरी अलिस्काफो, वेगवान, पण काचेआड बसायचं. तिकीट जास्त आणि बघायला कमी, असा तो उलटा व्यवहार. बातेल्लोच घ्या. मधल्या भागापुरता दिवसभराचा पास मिळतो, दोन-तीनदा चढ-उतार करणार असाल तर तोच बरा.

आता तुमचा मूळ प्रश्न. आधी व्हिलाची वेळ पक्की करायची, बोटी त्या वेळेभोवती बसवायच्या. लेन्नो गावाजवळच्या बाल्बियानेल्लो या जुन्या व्हिलाच्या आतल्या फेरीची वेळ ठरलेली असते आणि जागा मोजक्या असतात. बोट म्हणजे काही दादरची लोकल नव्हे, एक चुकली की तास गेला. आणि तो व्हिला सोमवारी नि बुधवारी बंद असतो, हे विमानाच्या तारखेशी ताडून बघा.

वाऱ्याचंही एक आहे. सकाळी उत्तरेकडून तिवानो वाहतो, दुपारी दक्षिणेकडून ब्रेवा. मोठ्या बोटीला त्याचं काही नाही, पण गच्चीवर टोपी धरून बसावं लागतं. म्हणून माझं मत, सकाळी आरामात बोट, अकरा-साडेअकराला व्हिला, मग जेवण.

चहाबिस्किट
बाल्बियानेल्लो म्हणजे दीपिका-रणवीरचं लग्न झालं तोच ना? नोव्हेंबर २०१८. त्यातला एक विधी कोंकणी पद्धतीने झाला म्हणून आमच्या कारवारच्या मामीने ते फोटो स्वतःच्या घरचं कार्य असल्यासारखे गटात फिरवले होते. बाकी अनुभव शून्य, वाचतेय.

भटकभवानी
हो, तोच. आम्ही दोघी मैत्रिणी सप्टेंबरात गेलो होतो आणि लग्नाचा विषय आमच्याच गटातल्या एका दिल्लीच्या काकूंनी काढला. गाइडबाईंनी शांतपणे मान डोलावली आणि पुढच्या खोलीत गेल्या. रोज ऐकत असणार.

तिकिटं दोन प्रकारची, नुसती बाग किंवा बाग आणि घर. घर गाइडशिवाय बघताच येत नाही. काटकसर करून नुसत्या बागेचं घेऊ नका, खरी गोष्ट घरातच आहे.

लेन्नो गावाजवळ लावेदो नावाचं एक टोक पाण्यात घुसलंय, त्यावर हे घर. मूळचा फ्रान्सिस्कन मठ. १८ व्या शतकाच्या शेवटी दुरिनी नावाच्या कार्डिनलने, म्हणजे बड्या कॅथलिक धर्मगुरूने, तिथे व्हिला उभा केला. जुन्या चर्चचे दोन मनोरे अजून तसेच आहेत. पण घरात शिरलं की कार्डिनल मागे पडतो आणि शेवटचा मालक भेटतो. ग्विदो मोन्झीनो. दुकानांच्या मोठ्या साखळीच्या घराण्यातला, पण जीव सगळा बर्फात. १९७१ मध्ये कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन उत्तर ध्रुवावर गेला, १९७३ मध्ये एव्हरेस्टवरच्या पहिल्या इटालियन मोहिमेचं नेतृत्व केलं, आणि १९७४ मध्ये हे घर घेतलं.

खालच्या खोल्यांमध्ये फ्रेंच आणि इंग्लिश फर्निचर, चिनी घोडे, काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेली चित्रं. कशालाही हात लावायची सोय नाही. आणि वरच्या मजल्यावर ध्रुवावरची ती घसरगाडी. मी बराच वेळ तिच्याचपुढे उभी होते. लाकूड घासून घासून गुळगुळीत झालेलं. खाली चांदीची भांडी बघून आल्यावर ही गाडी माळ्यावर ठेवलेल्या नांगरासारखी वाटते, घर मुळात कशावर चाललं होतं ते सांगणारी.

गंमत म्हणजे चोरवाटा. सत्तरच्या दशकात इटलीत श्रीमंतांच्या अपहरणांचा सुळसुळाट होता, म्हणून मोन्झीनोने घरात लपलेले दरवाजे आणि जिने करून घेतले. गाइडबाईंनी लाकडी भिंतीचा एक तुकडा नुसता ढकलला आणि आमच्या गटातली सगळी मोठी माणसं एकदम सहावीतली झाली.

१९८८ मध्ये तो गेला आणि घर सगळ्या सामानासकट फाइ या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन गेला. त्याचं थडगं तिथल्याच बागेत आहे, जुन्या बर्फाच्या कोठीत. हिवाळ्यातला बर्फ उन्हाळ्यासाठी साठवायची जागा ती. ध्रुवावर जाऊन आलेला माणूस शेवटी बर्फाच्या कोठीत. गाइडबाई हे अगदी सहज बोलून गेल्या, आम्हालाच क्षणभर काही सुचेना.

पायऱ्यांचं. लेन्नोच्या धक्क्यावरून चालत एक किलोमीटरभर, शेवटचा भाग रानातून आणि चढ-उताराचा. छोटी टॅक्सीबोट थेट व्हिलाच्या पायथ्याशी सोडते, पण तिथून वर पायऱ्याच. बागेसाठी फेरीच्या आधी तासभर ठेवा. आम्ही नंतर बघू म्हटलं आणि परतीच्या बोटीसाठी धावत सुटलो. तिथलं छत्रीसारखं कापलेलं ओकचं झाड मी फक्त मागे वळून बघितलंय.

गोंधळेकर
काय फसलं विचारलंत म्हणून लिहितो, नाहीतर हे घरातल्या घरात ठेवायचं ठरलं होतं.

सरोवरावर लेन्नो नावाचं गाव आहे. समोरच्या काठावर लेत्सेनो नावाचं दुसरं गाव आहे. दोन्हीकडे बोट थांबते. मी तिकीटखिडकीवर ऐटीत इटालियन उच्चार करायला गेलो आणि बरोबर चुकीच्या गावाचं तिकीट घेतलं. उतरलोही तिथेच. बायको म्हणाली, "व्हिला कुठाय?" मी हात वर केला, तर व्हिला समोर. मध्ये अख्खं सरोवर. आमची वेळ साडेअकराची, पुढची बोट त्यानंतरची. चूक शंभर टक्के माझी.

पण खरं सांगू का? काठावरच्या बाकावर बसून आम्ही ठेपले खाल्ले आणि तासभर ते पिवळसर घर बघत होतो. मागे डोंगर, समोर पाणी, अधूनमधून एखादी बोट त्या टोकाला वळसा घालायची. हे घर पाण्यावरून येणाऱ्यासाठीच बांधलंय हे तिथून कळतं. रस्त्याकडे त्याची पाठ आहे. बायकोने अजून माफ केलेलं नाही.

जुनाट
गोंधळेकर, तुमची परंपरा थोर आहे. धाकटा प्लिनी हा रोमन लेखक कोमोचाच. पहिल्या शतकातला माणूस, त्याचे या सरोवरावर बरेच व्हिला होते आणि त्यातल्या दोन लाडक्यांची नावं त्याने शोकांतिका आणि सुखांतिका अशी ठेवली होती. पहिला कड्यावर, म्हणजे शोकांतिकेतल्या नटाने उंच टाचांचे बूट घालावेत तसा. दुसरा पाण्यालगत, सपाट चपलांवर. पत्रात तो लिहितो की वरच्यातून खाली मासे धरणारे दिसतात आणि खालच्यातून आपणच गळ टाकू शकतो, तोही जवळजवळ अंथरुणात पडून. तुम्ही शोकांतिकेचं तिकीट काढून सुखांतिकेत उतरलात.

शुभांगी_ठाणे
कोमोवर सगळे तुटून पडलेत म्हणून मी माज्जोरे सरोवराची बाजू घेते. मिलानहून स्ट्रेझा, रेल्वेने साधारण तासाभराचं अंतर. तिथे प्रश्नच येत नाही व्हिला आधी की बोट आधी, कारण राजवाडाच बेटावर आहे. इसोला बेल्ला. १६३२ मध्ये बोर्रोमेओ घराण्यातल्या कार्लोने बायकोच्या, इसाबेल्लाच्या, नावावरून बेटाचं नाव ठेवलं. आमच्याकडे फ्लॅटच्या दारावर नाव लावायचं म्हटलं तरी चर्चा होते.

नेपोलियन १७९७ मध्ये इथे मुक्कामाला होता, ती खोली दाखवतात. एप्रिल १९३५ मध्ये इंग्लंड, फ्रान्स आणि इटली हिटलरविरुद्ध एकत्र बसले ते याच वाड्यात. पण मला आठवतात त्या तळमजल्यावरच्या गुहा. काळ्या-पांढऱ्या गोट्यांनी मढवलेल्या खोल्या, भिंती, छत, सगळं. उन्हाळ्यात थंडावा मिळावा म्हणून केलेल्या. जुलैच्या उन्हातून आत शिरलो आणि सासूबाई म्हणाल्या, "आता मी इथून हलत नाही." बाहेर बागेत पांढरे मोर फिरतात. बाग मात्र थराथरांची, एकावर एक दहा गच्च्या, गुडघेवाल्यांनी खालूनच बघावी.

हिशेबी
खासगी बोटीबद्दल कोणी बोललं नाही. आम्ही सहा जण होतो, तासाभरासाठी लाकडी बोट ठरवली. चालकाने निम्मा वेळ कुठला नट कुठे राहतो तेच सांगितलं. जुन्या घरांबद्दल विचारलं की पुन्हा नट. शिवाय ठरल्या पैशांवर वर टिप हवीच, असं उतरताना ऐकवलं. सार्वजनिक बोटीत कोणी काही सांगत नाही, तेच बरं वाटलं मला.

भटकभवानी
+१

सुलूमावशी
मंजू, आईच्या वयाची आहे म्हणून हक्काने सांगते. दोन घरं एका दिवसात बघू नकोस. एक घर आणि एक सपाट बाग, बास. बेल्लाजोतला व्हिला मेल्त्सी बघ. नेपोलियनच्या काळातल्या इटालियन प्रजासत्ताकाच्या उपाध्यक्षाचं घर. आत सोडत नाहीत, पण बाग पाण्याच्या कडेकडेने सरळ जाते, वर चिनाराच्या झाडांची सावली आणि बाकं. मी आणि हे दीड तास बसलो होतो. बेल्लाजो गावातल्या त्या प्रसिद्ध जिनेवजा गल्ल्यांकडे मात्र आईला नेऊ नकोस. फोटो पोरींना काढू दे.

पायऱ्या चालणार असतील तर त्रेमेत्सोचा व्हिला कार्लोत्ता, मेच्या सुरुवातीला अझेलिया फुललेल्या असतात. त्याला बोटीचा स्वतःचा थांबा आहे, उतरलं की दारातच. पण दारापासूनच दुहेरी जिना सुरू होतो, तेव्हा विचार कर.

निवांतमंजू
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आई-बाबांना विमानतळावर सोडून आले, आता वृत्तान्त.

मिलानवासींचा क्रम तंतोतंत पाळला. वारेन्नाहून बातेल्लो, गच्चीवर बसून लेन्नो (तिकिटावरचं नाव मी तीनदा वाचलं), तिथून टॅक्सीबोट, साडेअकराची फेरी. पायऱ्यांवर आई माझ्या पुढे होती. भिंतीतला दरवाजा उघडला तेव्हा बाबांनी मागून बिजागऱ्या तपासल्या.

पण बाबांचं लक्ष घरात कमी आणि पाण्यात जास्त. फेरी संपताना गाइडने काही प्रश्न आहेत का विचारलं, तर यांचा प्रश्न: "व्हेअर इज द आउटलेट?" ती आधी गोंधळली, मग तिलाच मजा वाटली. कोमोच्या पायाला वाटच नाही म्हणे, पाणी दुसऱ्या पायाने, लेक्कोकडून आद्दा नदीत जातं. पुढे ओल्जिनातेला बंधारा आहे, १९४६ पासून सरोवराची पातळी तिथून राखतात. बाबा खुलले. परतीच्या बोटीत त्यांनी शेजारच्या जर्मन जोडप्याला सांगलीच्या आयर्विन पुलावरची पाणी मोजायची फूटपट्टी आणि २०१९ चा पूर सविस्तर समजावून सांगितला. मी भाषांतर करत होते.

मेल्त्सीच्या बागेत मावशींच्या बाकांवर दुपार गेली. ब्रेवाने आईची ओढणी दोनदा नेली.

आणि आईचा प्रश्न राहिलाच. काचेवरच्या चित्रांच्या खोलीत तिने मला कोपराने ढोसून विचारायला लावलं, एवढं सगळं पुसतं कोण? गाइड म्हणाली, हिवाळ्यात घर बंद असतं तेव्हा एकेक वस्तू उतरवून साफ करतात. आई लगेच मराठीतच तिला म्हणाली, "म्हणजे दिवाळीच की!" ती बिचारी "सी, सी" म्हणाली.