ॲपवरून नवी भाषा: आपापले अनुभव सांगा

शृंगारतळीहून चिपळूणला जाणाऱ्या एसटीत हल्ली पोरं कानात इअरफोन घालून पुटपुटताना दिसतात. रामरक्षा नव्हे, जर्मन. कुणी नोकरीसाठी, कुणी हौसेने, पण मोबाइलवर भाषा शिकणारे कोकणात बरेच झालेत. तुम्ही कोणती भाषा घेतलीत, आणि खऱ्या माणसापुढे ती चालली का, ते लिहा. "महिन्यात फाडफाड बोला"वाल्यांनी कृपया पुढच्या थांब्यावर उतरावं.

चिपळूण, नर्स

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल कामगारांचा करार केला, तेव्हापासून आमच्या ड्युटीरूममध्ये हाच विषय. मी ड्युओलिंगो ॲपवर सुरुवात केली. तिथे मराठीतून जर्मन नव्हतं, मी इंग्रजीतून शिकले. हा फेरा मला शेवटपर्यंत खटकला. नामाला लिंग असतं हे इंग्रजी माणसाला समजावत बसावं लागतं. आपल्याला तो, ती, ते बाळकडूतच मिळालेलं. फक्त वाटणी वेगळी: सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी! "कारण"ने सुरू होणाऱ्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जातं, तेही आपल्याला नवं नाही. म्हणून मी वहीत इंग्रजी अर्थ लिहिणं बंद केलं आणि थेट मराठी वाक्य लिहू लागले. वेग तिथून वाढला.

ॲपने शब्द दिले, कान तयार केला. पण जर्मनच्या परीक्षेत वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग असतात, आणि बोलताना समोर माणूस असतो. चार पर्यायांतून एक निवडायची सवय लागली की पर्याय काढून घेतल्यावर घसा कोरडा पडतो. नर्सला तिकडे साधारण बी-टू पातळी (सहा पातळ्यांतली चौथी) लागते. पेशंट अर्धवट झोपेत पुटपुटला तरी कुठे दुखतंय ते कळायला हवं. ते बोटाने शब्द सरकवून येत नाही. मी ऑनलाइन शिकवणी लावली, ॲप आता रात्रपाळीतल्या चहापुरतं.

सावंतवाडी

मुलगी नपुंसकलिंगी म्हणान हसतास कित्याक? आमच्याकडे "ता चेडू इला" असाच म्हणतत. माझ्या आजयेक ॲप दिल्यार ह्यो धडो चुकाचो नाय.

दापोली, विद्यार्थी

वरच्या ताईंना दुजोरा. जपानी तर मराठीच्या साच्यात आणखी नीट बसते. क्रियापद शेवटी, आणि आपल्या प्रत्ययांसारखे छोटे शब्द नामाच्या मागे. हिरागाना या लिपीची मूळ अक्षरं ४६, तेवढीच काताकाना या दुसऱ्या लिपीची. त्यांचा क्रमही अ, इ, उ मग क, स, त असा, कारण तो भारतीय वर्णमालेवरून गेलाय. इंग्रजीतून शिकवणारं ॲप हे कशाला सांगेल?

कांजीला, म्हणजे चिनीतून आलेल्या चित्राक्षरांना, मात्र शॉर्टकट नाही. त्यासाठी मी अँकी हे फ्लॅशकार्डांचं ॲप वापरतो. जे कार्ड आठवत नाही ते लवकर परत येतं, जे येतं ते लांबणीवर पडतं. अँड्रॉइडवर फुकट आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं, म्हणजे जुलैत लाइट आणि टॉवर दोन्ही गेले तरी अभ्यास चालू (बॅटरी असेपर्यंत). जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत बोलण्याचा भागच नाही. म्हणून पास होऊनही मुकी राहिलेली मुलं मी पाहिली आहेत.

मंडणगड, सध्या मस्कत

मी अरबी घेतली. लिपीचा त्रास नाही, शाळा उर्दूची. ॲपने शिकवली ती बातम्यांतली, पुस्तकातली अरबी. इथे गोदामात बोलतात ती ओमानी. पहिल्या दिवशी मी व्याकरणशुद्ध सलाम-दुवा केली तर मुकादम मला मौलवी समजला. आणि खरं सांगू? निम्मं गोदाम हिंदीवर चालतं, उरलेलं मल्याळमवर. अरबीचा उपयोग पाट्या, बिलं, सरकारी कागद वाचायला. तो मात्र रोज होतो, म्हणून वेळ वाया गेला असं म्हणणार नाही.

रेवदंडा

माझी गोष्ट बिनकामाची. खाडीपलीकडे कोर्लई. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून निघालेली बोली अजून घरात बोलतात. पोर्तुगीजांनी चौल सोडलं १७४० मध्ये, बोली राहिली. शाळेतला मित्र तिथला, म्हणून कुतूहलाने ॲपवर पोर्तुगीज उघडली. ड्युओलिंगोवर ती ब्राझीलची मिळते. मित्राच्या आईला धडे ऐकवले. सुटे शब्द तिने पटापट ओळखले, पण वाक्य उलटं लावलंय म्हणाली. कोर्लईच्या बोलीत क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं ना! मग तीच मला दुरुस्त करायला लागली. आता मित्र तिचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवतो, आणि मी ॲपपेक्षा तेच जास्त ऐकतो.

देवगड, आंबा बागायतदार

आमच्याकडे राखणीला नेपाळी माणसं. गुगल ट्रान्सलेटवर मराठी टाइप करून त्यांना नेपाळी दाखवायचो. लिपी देवनागरी, त्यामुळे मलाही वाचून दाखवता यायचं. मी नेपाळी शिकेपर्यंत त्यांचा पोरगा मालवणी शिकला. विषय संपला.

राजापूर

धाकटा मुलगा आठवीत, सुट्टीत जपानी शिकतो म्हणतोय. पैसे भरून ॲप घ्यावं का? आणि गोव्याकडची कोंकणी कुठे मिळेल? सून तिकडची आहे.

दापोली, विद्यार्थी

काकू, आधी फुकटातलं वापरू दे. हिरागाना-काताकाना लिहून झालं की मग बघा, बरेच जण तिथेच गळतात. वर्गणी भरलीच तर ती पुढच्या वर्षी आपोआप कापली जाणार नाही असं सेटिंग करा. कोंकणीला सरकारचं भाषा संगम ॲप आहे, २२ भारतीय भाषांतली रोजची वाक्यं मिळतात. पण सून घरात असताना ॲप कशाला? तिला सांगा, जेवताना कोंकणीच बोल.