मदत हवी आहे: जुन्या घराची ओल धरलेली भिंत, गिलावा चुन्याचा करावा की सिमेंटचा?

नमस्कार मंडळी,

मी आणि नवऱ्याने एक जुनं घर घेतलंय आणि जमेल तेवढं काम स्वतःच करायचं ठरवलंय. भाजक्या विटांच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि वासे. खांब-तुळयांचा काँक्रीटचा सांगाडा नाही, सगळा भार भिंतींवर. बाकीची कामं हळूहळू मार्गी लागतायत, पण एका भिंतीपाशी घोडं अडलंय आणि गवंड्याला काय सांगायचं तेच ठरत नाहीये.

मागच्या खोलीची बाहेरच्या अंगाची भिंत जमिनीपासून कमरेपर्यंत ओली आहे. त्यावर रंगाचे पोपडे सुटलेले आणि ओल जिथे संपते तिथे लोण्याची, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेल्या क्षारांची, पांढरी रेघ. त्याच्या वर भिंत ठणठणीत कोरडी. खालच्या भागावर नंतर कोणीतरी सिमेंटचा गिलावा चढवला होता. ठोकून पाहिलं तर ढबढब आवाज यायचा, म्हणून छिन्नी लावली. मोठाले पापुद्रे निघाले आणि मागचा मूळ चुन्याचा गिलावाही त्यांनाच चिकटून आला. आतल्या विटांमधल्या दरजांतला चुना इतका ओला की बोटाने उकरता येत होता. एका विटेवर ती थापणाऱ्याच्या बोटांचे ठसे तसेच राहिलेत. ते पाहिल्यावर आम्ही दोघांनीही ठरवलं की या भिंतीचं जे करायचं ते नीटच करायचं.

ओल कुठून येते हे बऱ्यापैकी सापडलंय. आतून भिंतीला प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून ठेवला, तर पाण्याचे थेंब कागदाच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला धरले. म्हणजे खोलीतल्या हवेचा दमटपणा नाही, पाणी भिंतीतूनच येतंय. बाहेर भिंतीलगत मातीचा भराव साठत साठत आतल्या फरशीच्याही वर गेला होता आणि फुटक्या पन्हळीचं पाणी नेमकं तिथेच पडत होतं. पन्हळ बदलली. भराव काढून जमीन फरशीच्या 150 मिलिमीटर खाली नेली आणि पाणी भिंतीपासून लांब जाईल असा उतार दिला. आता भिंत दोन्ही बाजूंनी उघडी आहे, खिडक्या दिवसभर सताड उघड्या असतात.

आता खरी अडचण. आमचा गवंडी म्हणतो, वॉटरप्रूफिंगची पावडर घालून सिमेंटचा गिलावा मारू, विषय संपला. माणूस हाताने चांगला आहे, त्याचं काम मी पाहिलंय. पण हे मला पटत नाही. सिमेंटने तोंड बंद केलं की आतलं पाणी जाणार कुठे? ते आणखी वर चढेल, नाहीतर विटांवाटे बाहेर पडेल. याच भिंतीत जिथे दरजा सिमेंटने भरल्या होत्या तिथे दरजा शाबूत आणि विटांचेच तोंडाचे पापुद्रे सुटलेत. चुन्याच्या दरजांजवळच्या विटा मात्र अजून कडक आहेत. माझं मत त्यामुळे चुन्याकडे झुकलंय.

नवऱ्याचं म्हणणं, तोवर भिंतीपुढे लाकडी पट्ट्या ठोकून बोर्ड लावू आणि खोली वापरायला घेऊ. त्याची घाई मला कळते, सगळं सामान एकाच खोलीत कोंबून राहतोय. पण बोर्डामागे ओल दिसणार नाही आणि लाकूड त्या ओलीशेजारी राहणार. वाळवीला आवतणच की! तो आता थांबायला तयार आहे, फक्त किती थांबायचं ते मला सांगता येत नाही.

तर पहिली शंका तीच. भिंत वाळायला जाडीच्या दर इंचाला एक महिना, असा ढोबळ हिशोब वाचला. आमची भिंत चौदा इंच आहे. दोन्ही बाजूंनी उघडी असेल तर हा काळ निम्मा धरायचा का? आणि ती गिलाव्याजोगी वाळली हे ओळखायचं कसं? हातातलं ओलावा मोजायचं यंत्र क्षारांमुळे जास्त आकडा दाखवतं असं कळलं, त्यामुळे त्याच्यावर विसंबायची भीती वाटते.

दुसरं, लोणा. आम्ही तो कोरड्या ब्रशने झाडून लगेच गोळा करतो. पाण्याने धुतला तर विरघळून परत आत जातो म्हणून धूत नाही. पण झाडला की काही दिवसांनी पुन्हा फुलतो. हे क्षार हवेतला दमटपणाही ओढतात, म्हणजे पाणी बंद होऊनही डाग राहू शकतो. आधी चुन्याचा एक कच्चा गिलावा द्यायचा, त्यात क्षार उतरू द्यायचे आणि मग तो काढून टाकायचा, असं कोणी केलंय का? फरक पडला का?

तिसरं, चुना कोणता. साधा भिजवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, पण सतत ओल्या भिंतीत ते नीट होत नाही. मग सुरखी (भाजक्या विटांची भुकटी) घालावी, की पाण्यातही घट्ट होणारा हायड्रॉलिक चुना घ्यावा? गवंडी तडजोड म्हणून चुन्यात थोडं सिमेंट घालू म्हणतोय. ज्यांनी तसं केलंय त्यांनी काही वर्षांनी काय दिसलं ते लिहा.

वायरिंगही बदलतोय, जुन्याला अर्थिंगच नव्हतं. या भिंतीत पाइप ओलीच्या वरून फिरवून घ्यायचं वायरमनशी ठरलंय. तो स्विचचे बॉक्स पीओपीने बसवतो. पीओपी म्हणजे जिप्सम, ते ओलीत टिकत नाही, म्हणून इथे चुना-वाळूने बसव म्हटलं तर चालेल ना?

खिडकीवर विटांच्या दरजांमधून पायऱ्यांसारखी गेलेली एक चीरही आहे. ती वाढतेय का ते कळावं म्हणून तिच्यावर काचेची पट्टी चिकटवलीय, अजून तडकलेली नाही. ती चीर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवणार आहोत, तिच्याबद्दल इथे विचारत नाही.

गवंडी पुढच्या आठवड्यात माल ठरवायला येतोय. जुन्या विटांच्या घरात राहणाऱ्यांनी किंवा चुन्याचं काम स्वतः केलेल्यांनी त्याआधी लिहिलं तर फार मदत होईल. चुन्याच्या गिलाव्यात वाळूचं प्रमाण किती ठेवलं आणि दोन थरांमध्ये किती थांबलात, तेही सांगा.