मदत हवी आहे: चोक सोडला की पंपाचं इंजिन बंद पडतंय

मळेकरी: पाण्याच्या पंपाचं पेट्रोल इंजिन. चोक ओढून दोरी मारली की लगेच सुरू होतं, चोक सोडला की गचके देत बंद. प्लग नवीन टाकलाय, कार्बोरेटर धुतलाय. आता काय बघू? काम अडलंय, लवकर सांगा.

पाना_पक्कड: टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक? कार्बोरेटर फ्लोटवाला की डायफ्रामवाला? पेट्रोल किती जुनं? आणि 'धुतलाय' म्हणजे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे भाग) सोडवले, की नुसता बाऊल (खालची पेट्रोलची वाटी) पुसला?

ठिणगी: कॉइल बदला. तापली की करंट तुटतो.

पाना_पक्कड: कॉइल तापून गेली असती तर चोकवरसुद्धा बंद पडलं असतं. चोक हवा अडवतो; चोकवर चालतं म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय.

मळेकरी: फोर स्ट्रोक, फ्लोटवाला. पेट्रोल मागच्या हंगामाचं. जेट सोडवले नाहीत, वरून स्प्रे मारला. प्लगचं टोक पांढरट.

पाना_पक्कड: पांढरा प्लग म्हणजे मिश्रण लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. आधी बाऊलखालचा ड्रेन बोल्ट सोडून पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी; इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा ओढून घेतं. मग टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडा आणि धार बघा. थोड्या वेळात बारीक झाली तर टाकीचं झाकण सैल करा. लगेच वाढली तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय, नाही वाढली तर कॉकची जाळी किंवा पाइप.
धार चांगली असेल तर जेट. बाऊल काढा, मधल्या खांबातला मेन जेट बरोबर बसणाऱ्या चपट्या पेचकसानेच सोडवा, नाहीतर खाच जाते. त्याच्या वरची पितळी इमल्शन ट्यूब कार्बोरेटर हलकेच ठोकला की खाली येते. तिची आडवी भोकं बहुतेक जण बघतच नाहीत. स्लो जेट (मंद वेगाला पेट्रोल देणारा) बऱ्याच मॉडेलांत आयडल, म्हणजे मंद वेगाच्या, स्क्रूच्या खाली, काळ्या प्लॅस्टिकच्या डोक्याचा असतो. तो ओढून काढायचा, ओ-रिंग सांभाळा. उजेडाकडे धरल्यावर भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे.

तांब्याची_तार: वायरमधली एक बारीक तार जेटमधून फिरवा, झालं काम.

हवादार: तार अजिबात नको! भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं रिच, म्हणजे पेट्रोल जादा. फक्त कॉम्प्रेसरची हवा.

तांब्याची_तार: भोक सुईने मोठं होतं. तांबं पितळेपेक्षा मऊ असतं. आणि वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर नुसत्या हवेने सुटत नाही.

पाना_पक्कड: आधी क्लिनरमध्ये भिजवा, मग तार, शेवटी हवा. रबर आणि प्लॅस्टिक भिजवण्याआधी बाहेर काढा.

शेतगडी: टू टी ऑइलचं प्रमाण बरोबर आहे ना? माझ्या ब्रश कटरला १:५० लागतं.

तांब्याची_तार: फोर स्ट्रोक आहे हो, पेट्रोलमध्ये ऑइल घालायचंच नाही.

मळेकरी: स्लो जेट पूर्ण बुजलेला होता. सगळं साफ केलं, ताजं पेट्रोल भरलं. आता चोकशिवाय चालतंय, पण वेग सारखा वर-खाली होतोय.

ठिणगी: गव्हर्नरची (इंजिनचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग ताणून बसवा.

पाना_पक्कड: स्प्रिंगला हात लावू नका, इंजिन मर्यादेबाहेर पळेल. चोक थोडा ओढून बघा. वेग स्थिर झाला तर मिश्रण अजून लीनच.

मळेकरी: अर्ध्या चोकवर एकदम स्थिर.

पाना_पक्कड: मग हवा शिरतेय. इंजिन आयडलला ठेवा आणि कार्बोरेटर व इंजिन यांच्या जोडावर क्लिनरचा बारीक फवारा मारा. वेग बदलला की लीक तिथेच. गरम सायलेन्सरवर मारू नका, पेट घेईल.

मळेकरी: वेग बदलला. उघडून बघितलं, इंजिनकडच्या पॅकिंगला चीर आहे. सिलिकॉन लावून चालेल का?

हवादार: नाही. साधं सिलिकॉन पेट्रोलने फुगतं, तुकडे आत ओढले जातात. नवीन पॅकिंगच टाका.

तांब्याची_तार: इन्सुलेटरच्या (कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जाड तुकड्याच्या) दोन बाजूंची पॅकिंग सारखी नसतात, जुनी जशी निघाली तशीच नवीन लावा. इन्सुलेटर काचेवर ठेवून बघा. डुगडुगला तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट करा. दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, नाहीतर परत वाकेल.